'बोलून दाखव' म्हणणाऱ्या ताईंना

ताई,

नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नुसतं ताई.

गुरुवारी पिन आला, नर्स म्हणून माझा नोंदणी क्रमांक. ड्युटीवर होते, औषधांची ट्रॉली हातात होती, त्यामुळे ईमेल उघडला तो थेट जेवणाच्या सुट्टीत. पिनच्या शेवटी 'ओ' आहे, म्हणजे यूकेबाहेर शिकून आलेली. बघून हसू आलं. इतकी धडपड करून नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या रजिस्टरवर नाव चढलं, तरी बाहेरून आल्याचा शिक्का शेपटासारखा मागे आहेच. असू दे.

आपली ओळख लिफ्टमध्ये झाली, आठवतंय? मी फोनवर आईला सांगत होते की परीक्षा पुढे ढकलली आहे. धडधडीत खोटं. मागे उभं असलेल्या कुणाला मराठी कळत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुम्ही दोन मजले गप्प राहिलात आणि उतरताना विचारलंत, "किती स्टेशनं गेली?"

दोन. ऑस्कीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दहा स्टेशनं असतात, प्रत्येकावर एक काम करून दाखवायचं, त्यातली आठ सुटली आणि दोन गेली. त्याआधीचं सगळं मी एकटीने पार पाडलं होतं. सीबीटी या संगणकावरच्या परीक्षेत गणिताचे 15 आणि नर्सिंगचे 100 प्रश्न, पहिल्याच फटक्यात पास. इंग्रजीच्या आयईएलटीएसने मात्र छळलं. लिखाणात 6.5 हवे आणि मला दोनदा 6 मिळाले. मग ओईटी दिली, आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा. तिथे निबंध नाही, रुग्णाला पुढे पाठवताना लिहितात तसं पत्र लिहायचं असतं. ते काम मी वर्षानुवर्षं केलेलं, त्यामुळे सुटले. (नर्सला निबंध कशाला लिहायला लावतात, हे मला आजही पटलेलं नाही.) कागदपत्रांचं तर बोलायलाच नको. आपल्याकडच्या नर्सिंग कौन्सिलचं व्हेरिफिकेशन, पोलिसांचा दाखला, आणि एकेक कागद येईपर्यंतची वाट बघणं. पण तो नुसता वेळखाऊपणा होता. ऑस्कीत नापास होणं जिव्हारी लागलं. 11 वर्षं नोकरी, त्यातली 6 आयसीयूत, आणि मी गोळ्या देण्यात नापास!

तुम्ही निकालाचा कागद वाचलात आणि म्हणालात, "गोळ्या बरोबर दिल्यास गं. ॲलर्जी विचारलीस का?"

"मनगटपट्टीवर बघितली ना."

"बघितलीस. पण बोललीस का?"

तेव्हा मला तुमचा राग आला होता, आज सांगते. मनगटपट्टी, ड्रग चार्ट, रुग्णाचं तोंड, हे सगळं मी एका नजरेत टिपत आले. घाईच्या वॉर्डात तसंच शिकतो आपण, हात पुढे आणि तोंड बंद. इथे परीक्षक कोपऱ्यात तक्ता घेऊन बसलेला असतो. माझ्या मनातली तपासणी त्याला दिसणार कशी? रुग्णाला पूर्ण नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून सांगायला लावायची, ॲलर्जी विचारायची, झाली तर काय होतं तेही विचारायचं, आणि मग पट्टी आणि चार्टशी ताडून बघायचं. त्या वेळी मला हे नाटक वाटलं. आता वॉर्डात रोज करते आणि मागच्याच महिन्यात एका आजोबांनी पेनिसिलिनचं नाव घेतलं. चार्टवर ते नव्हतं.

दुसरं गेलेलं स्टेशन केअर प्लॅनचं, म्हणजे रुग्णाची काळजी कशी घ्यायची ते लिहून काढायचं. खाडाखोड करून मी वर गिरवलं होतं. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. तुम्ही ते एकदा सांगितलंत, मला कळलं, विषय संपला.

पण श्वास मोजण्याचं प्रकरण मी विसरणार नाही. खरं तर ते स्टेशन माझं सुटलं होतं, तरी तुम्ही म्हणालात सगळंच बघू. बारा तासांची ड्युटी करून तुम्ही माझ्या खोलीत रुग्ण होऊन आडव्या व्हायचात. मी सवयीने अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचे. तुम्ही पहिला अर्धा मिनिट संथ श्वास घ्यायचात आणि नंतर मुद्दाम भराभर. मी लिहायचे 16, तुम्ही डोळे न उघडता म्हणायचात, "22." रुग्णाची तब्येत किती बिघडलीय ते गुणांत मोजणाऱ्या न्यूज-टू तक्त्यावर 16 ला शून्य गुण आणि 22 ला दोन. बाकीच्या नोंदींत आधीच तीन गुण असतील, तर या दोनांनी बेरीज पाचवर जाते आणि डॉक्टरांना तातडीने बोलवायची वेळ येते. तीन वेळा फसल्यावर मी पूर्ण मिनिट मोजायला लागले.

आणि तुमचा तो हट्ट, सगळं मोठ्याने! हात धुताना बोल, पडदा ओढताना बोल, परवानगी घेताना तर बोलच. "मी आता तुमचं ब्लडप्रेशर बघते, चालेल ना?" हे मी तुम्हाला इतक्यांदा विचारलं की एकदा तुम्ही खरंच झोपून गेलात आणि मी तशीच बोलत राहिले. शेजारच्या खोलीतल्या मुलीने दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना.

पूर्ण परीक्षेचे 794 पौंड भरले होते, फेरपरीक्षेचे 397. तुम्ही ते देऊ केलेत आणि मी घेतले नाहीत. त्यावरून तुम्ही चार दिवस रुसलात. पैशांची मदत नाकारता येते हो. ड्युटीनंतरच्या त्या नऊ संध्याकाळी मी मुकाट्याने घेतल्या, कारण त्यांची किंमत तेव्हा मला कळलीच नव्हती. आता स्वतः बारा तासांचा लाँग डे करून घरी येते आणि बूट काढायचंही जिवावर येतं, तेव्हा कळते.

आईला मी अजून खरं सांगितलेलं नाही. तिच्या लेखी परीक्षा पुढे ढकलली होती आणि मग झाली. तुमची भेट होईल तेव्हा सांभाळून घ्या.

फेरपरीक्षेला जाताना तुम्ही तुमचं छातीला लावायचं उलटं घड्याळ माझ्या गणवेशाला टाचलं होतंत. ते माझ्याकडेच राहिलंय. सेल संपला होता, काल नवा घातला. रविवारी माझी नाइट सुटली की आणून देते. तुम्ही झोपला असाल तर दारातल्या खोक्यात ठेवीन, बेल वाजवणार नाही.

तुमची,
आठव्या मजल्यावरची