आधी कल्चर, मग गोळी

कोपनहेगन,
९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
सा. न.

काल आई फोनवर म्हणाली, लघवीला पुन्हा जळजळ होतेय आणि तुम्ही डब्यातली मागची उरलेली स्ट्रिप काढून दोन गोळ्या घेतल्यात. मी नुसती चिडले, सांगायचं ते राहूनच गेलं.

आजीचं आठवतंय ना? तिचंही जळजळीनेच सुरू झालं होतं. तीनदा अँटिबायोटिक बदललं, आणि कल्चर (लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते बघायची तपासणी) केलं ते हुडहुडी भरून ताप आल्यावर. रिपोर्टमध्ये बहुतेक औषधांपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. त्या औषधांना तो जंतू दाद देत नव्हता. तो कागद मी इथे घेऊन आलेय.

लॅबमध्ये मी दिवसभर असेच रिपोर्ट बघते. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून देशोदेशींचे असे रिपोर्ट एकत्र करते. गेल्या महिन्यात त्यांचा अहवाल आला: २०२३ मध्ये लॅबमध्ये सिद्ध झालेल्या दर सहा जिवाणू-संसर्गांत एक दाद न देणारा. भारत ज्या विभागात येतो, तिथे तिनात एक! हे आकडे आजीच्या रिपोर्टसारख्या कागदांतूनच उभे राहतात. कल्चरच केलं नाही तर डॉक्टर अंदाजाने औषध देणार आणि नोंदही कुठेच होणार नाही.

नोंद ठेवल्याने काय होतं ते मी इथे पाहिलं. डेन्मार्कमध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात अव्होपार्सिन नावाचं अँटिबायोटिक घालायचे. ते व्हँकोमायसिनचं भावंड, आणि व्हँकोमायसिन हे आपल्या अत्यवस्थ पेशंटचं औषध. १९९५ मध्ये अव्होपार्सिनवर बंदी आली. तेव्हा कोंबड्यांमधल्या एका जातीच्या जंतूंपैकी सुमारे ७३ टक्के दाद देत नव्हते, २००० साली ते ६ टक्क्यांच्या आत आले. (डुकरांमध्ये मात्र वेळ लागला.) म्हणजे गेलेलं औषध परत मिळू शकतं, बाबा. मला याचा फार धीर वाटतो.

तर आता एवढं कराच. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जा, त्या दोन गोळ्यांचं लपवू नका आणि नवं औषध सुरू करण्याआधी युरिन कल्चरबद्दल विचारा. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून परस्पर काही आणू नका. पाकिटावर लाल रेघ असली की ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. आणि आईला सांगा, डब्यातली अझिथ्रो शेजारच्या काकूंना सर्दीसाठी देऊ नकोस. सर्दी व्हायरसची, तिथे ती गोळी काहीच करत नाही.

थंडी वाजली, कंबरेत वरच्या बाजूला दुखलं तर सकाळची वाट पाहू नका. रिपोर्टचा फोटो पाठवा. मी साडेचार तास मागे आहे, पण फोन उशाशीच असतो.

तुमची,
मनू