शनिवारचा गोष्टींचा वर्ग

सभासदहो, नमस्कार. आठवी ते दहावीच्या मुलांचा ‘गोष्टींतून जगातले धर्म’ हा वर्ग येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता, दांडिया बाजारातल्या नेहमीच्या जागी भरेल.

या वेळी पारशांची दूध-साखरेची गोष्ट. आश्रय मागायला आलेल्या पारशांना संजाणच्या राण्याने काठोकाठ भरलेलं दूध पाठवलं, म्हणजे जागा नाही. पारशांनी त्यात साखर विरघळवून ते परत दिलं. संजाण आपल्याच गुजरातेतलं, तरी मुलांना ही गोष्ट ठाऊक नसते याचं वाईट वाटतं. दुसरी बौद्धांची, किसा गोतमीची: मेलेल्या बाळासाठी औषध मागणाऱ्या या आईला बुद्ध सांगतात, जिथे कधी कुणाचा मृत्यू झाला नाही अशा घरातूनच मूठभर मोहरी आणायची. इथे मुलं गप्प होतात. होऊ द्या. पालकांनी मध्येच तात्पर्य सांगू नये, ही कळकळीची विनंती.

आजी-आजोबांनाही आणा. नावं शुक्रवारपर्यंत कळवावीत.