घुमट वारशात, आवाज वाऱ्यावर

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कलावंतांच्या आवाजाची यंत्राकरवी होणारी नक्कल आणि तिच्याविरुद्ध न्यायालयांनी दिलेले आदेश यांच्या बातम्या अलीकडे सातत्याने वाचनात येतात. त्या मी आता निराळ्या नजरेने वाचतो, कारण हा विषय आमच्या दारावरून जाऊन आला आहे.

गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी चार-पाच दिवस, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे) सामान घेऊन लोक बाजारातून परतत असताना, गोव्यातल्या आमच्या वाड्यावरून एका दुकानाच्या जाहिरातीचा टेंपो गेला. कर्ण्यावर आरतीच्या चालीत सवलतींची यादी गायली जात होती आणि तो आवाज माझ्या वडिलांचा होता. वडिलांना जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. माझी ऐंशी वर्षांची आई सोप्यावर बसून अळूचे देठ सोलत होती. हातातले तसेच ठेवून ती उठली, पदराला हात पुसत पायरीपर्यंत गेली आणि टेंपो वळणावर दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी राहिली. आत आल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘आवाज तांचो, पूण गावप तांचें न्हय.’ (आवाज त्यांचा, पण गाणे त्यांचे नव्हे.)

आईचे म्हणणे शब्दशः खरे होते. वडील चाळीस वर्षे घुमट आरती, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने म्हटली जाणारी आरती, गात असत. चरणाच्या शेवटी ते किंचित थांबत, घुमटावर थाप पडू देत आणि मगच शेवटचे अक्षर उचलत. त्या थांबण्यात त्यांचा श्वास ऐकू येई आणि साथीचे शामेळ हे तालवाद्य वाजवणारा त्याच श्वासावर नजर ठेवून असे. टेंपोवरच्या आवाजात वडिलांच्या गळ्याचा घोगरेपणा होता, त्यांचा किंचित नाकात जाणारा ‘न’ होता, पण श्वास कुठेच नव्हता. कोणीतरी प्रेमाने यूट्यूबवर ठेवलेल्या एका जुन्या कॅसेटवरून एका मुलाने मोबाईलवर हे थोड्या वेळात तयार केले, असे चौकशीअंती कळले. दुकानदाराने दिलगिरी व्यक्त केली आणि जाहिरात थांबवली. त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. मात्र ती ध्वनिफीत व्हॉट्सअ‍ॅपवर अजूनही फिरते आहे आणि ती परत घेण्याचा मार्ग आम्हांला कोणी सांगू शकलेले नाही.

या तंत्राची झेप किती आहे, हे सामान्य माणसाने समजून घेतले पाहिजे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्ये ‘व्हॅल-ई’ नावाची प्रणाली जाहीर केली, तेव्हाच अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून एखाद्याचा आवाज उभा करता येतो हे दिसून आले होते. सुमारे साठ हजार तासांच्या इंग्रजी बोलण्यावर तिला शिकवण्यात आले होते. अशी प्रणाली आवाजाचे बारीक तुकडे करून त्यांना सांकेतिक रूप देते आणि नमुन्यातील गळ्याचा पोत कायम ठेवून पुढचा तुकडा कोणता असेल याचा अंदाज बांधत जाते. म्हणजे ती मूळ ध्वनिमुद्रणाची प्रत काढत नाही, तर कधीच न गायलेले गाणे नव्याने घडवते, आणि कायदा अडखळतो तो नेमका इथेच.

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलाकारांना त्यांच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे आणि त्याची मुदत पन्नास वर्षांची आहे. कलाकार कोण, याची त्यातली व्याख्या मोठी उदार आहे: गायक-वादकांबरोबर तिच्यात कसरतपटू, जादूगार आणि गारुडीही येतात. परंतु हा हक्क सादरीकरणाचा आहे, गळ्याचा नाही. म्हणून नामवंत गायकांना न्यायालयात जावे लागले ते व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा, म्हणजे आपले नाव, चेहरा, आवाज यांच्या वापरावरील हक्काचा, आधार घेऊन. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांना अंतरिम संरक्षण दिले आणि कोणाचाही आवाज एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या आवाजात तिच्या संमतीशिवाय बदलून देणारी साधने उपलब्ध करून देणे हेच त्या हक्काचे उल्लंघन मानले. पुढच्या वर्षी आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाने तसेच संरक्षण दिले. त्यांचे वडील दीनानाथ मंगेशकर आमच्या मंगेशीचे, त्यामुळे ती बातमी वाचून इथल्या अनेकांप्रमाणे मलाही समाधान वाटले.

पण हे आदेश ‘प्रसिद्ध’ या शब्दाभोवती उभे आहेत. ज्याच्या नावाला बाजारात किंमत आहे, त्याचे नुकसान दाखवता येते. चार गावांपुरत्या माहीत असलेल्या आरती गायकाने, भजनी बुवाने किंवा दशावतारातल्या कलाकाराने पर्वरीला उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे काय दाखवावे आणि वकिलाचे शुल्क कोठून आणावे? मृत व्यक्तीच्या बाबतीत तर वाट आणखी अरुंद आहे. एका दिवंगत अभिनेत्याच्या वडिलांच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये असे मत नोंदवले की, असे हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतात आणि वारसांकडे येत नाहीत. ते प्रकरण चित्रपटाचे होते, आवाजाचे नव्हते, हे मला मान्य आहे; तरीही उद्या आमच्यासारखे कोणी दाद मागायला गेले, तर तेच मत समोर ठेवले जाईल अशी भीती वाटते.

फेब्रुवारी २०२६ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून कृत्रिमरीत्या तयार केलेल्या दृश्य-श्राव्य मजकुरावर तसे स्पष्ट दर्शवणे बंधनकारक केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु हे नियम इंटरनेटवरील मंचांना लागू होतात, टेंपोवरच्या कर्ण्याला नाहीत. शिवाय, हा आवाज कृत्रिम आहे एवढे लिहिल्याने तो वापरण्याची परवानगी कोणी दिली, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

गोव्यात तर हा प्रश्न कोणाला नवा वाटू नये. केरीच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर आपल्या ध्वनिमुद्रणाबाबत किती काटेकोर होत्या, हे संगीताच्या जाणकारांना ठाऊक आहे. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरील सुवर्णतबकडीतून अंतराळात गेली, ती त्या स्वतः जशा गायल्या तशीच. दुसऱ्या टोकाला आजचेही एक चांगले उदाहरण आहे. ए. आर. रहमान यांनी २०२४ मधील एका तमिळ गीतासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज याच तंत्राने वापरले, तेव्हा त्यांनी आधी कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि त्यांना मोबदला दिला. म्हणजे तंत्र तेच असूनही रीत पाळता येते. यंत्राने आवाज घडवूच नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही.

२०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. मातीच्या त्या मडक्याला मान मिळाला याचा आमच्या घरी आनंदच झाला होता. त्यावर गाणाऱ्या गळ्याचा विचारही सरकारच्या कला व संस्कृती खात्याने करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कायदा बदलणे केंद्राच्या हाती असले, तरी राज्याच्या हाती बरेच काही आहे. या खात्याच्या अनुदानातून जिथे जिथे ध्वनिमुद्रण होते, तिथे या मुद्रणावर यंत्राला शिकवता येईल का, वारसांना विचारावे लागेल का आणि जाहिरातीसाठी वापर चालेल का, हे कलाकाराकडून सोप्या मराठीत वा कोकणीत लिहून घ्यावे. अशा संमतीपत्राचा एक नमुना खात्याने प्रसिद्ध केला, तर खासगी मंडळेही तो वापरतील. तक्रार असल्यास राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडून लोककलाकारांना मोफत वकील मिळण्याची सोय व्हावी आणि तिची माहिती ग्रामपंचायतींत लावावी.

वडिलांच्या गाण्याच्या अकरा कॅसेटी आमच्या कपाटात आहेत. त्यांपैकी तीन तर बाहेर कोणीच ऐकलेल्या नाहीत. फिती चिकटू लागल्या आहेत आणि त्या जतन करण्यासाठी एका संस्थेने दोनदा मागणी केली आहे. चवथीआधीच्या त्या दिवसानंतर त्या देण्यास आईचे मन होत नाही आणि तिला आग्रह करण्याचा अधिकार मला वाटत नाही. वर म्हटलेला नमुना निघाला, तर त्यावर आईची सही घेऊन मी त्या सगळ्या कॅसेटी स्वतः पणजीला आणून देईन.

आपला नम्र,
एक वाचक,
फोंडा तालुका, गोवा