बिघडलेली स्पोर्ट्स कार बदलायची की कर्ज फेडायचे?

महोदय,

बेळगाव, निपाणी, खानापूर भागात टर्बो पेट्रोल इंजिनाच्या, दोन दारांच्या जुन्या जर्मन गाड्या आता सहज नजरेस पडतात. मुंबई-पुण्यात दहा-बारा वर्षे फिरलेली गाडी नव्या किमतीच्या कितीतरी कमी पैशात मिळते आणि हौसेखातर तरुण ती काढतात. खरेदी स्वस्तात होते, पण सुटे भाग नव्या गाडीच्याच भावाने घ्यावे लागतात. मग एक दिवस बोनेटखालून आवाज येऊ लागतो. त्याच सुमारास ठेवीची मुदत पूर्ण होते किंवा उसाचे बिल जमा होते, आणि घरात वाद सुरू होतो: ही गाडी एक्स्चेंजला देऊन दुसरी घ्यायची, की आलेल्या पैशातून कर्ज फेडायचे?

आमच्या मते हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. गाडीत नेमके काय बिघडले आहे हे कळल्याशिवाय त्याचे उत्तर निघत नाही. बिघाड ठाऊक नसलेली गाडी घेणारा डीलर सर्वांत वाईट शक्यता धरूनच भाव सांगतो. आवाज शंभर रुपयांच्या क्लिपचा असला तरी तो इंजिन उतरवण्याचा खर्च वजा करतो. तपासणीला काही हजार रुपये जातात. ते वाचवायला गेलेला माणूस गाडीच्या भावात लाख-दोन लाख घालवतो.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. फोक्सवॅगन समूहाचे २.० लिटरचे ईए८८८ इंजिन ऑडी टीटीसह अनेक गाड्यांत आहे. साधारण २००८ ते २०१२ च्या या इंजिनांत दोन दुखणी जगभर माहीत आहेत. पहिले टायमिंग चेनच्या टेन्शनरचे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारी साखळी ताणून धरणाऱ्या भागाचे. इंजिन बंद असताना ऑइलचा दाब उतरतो. तेव्हा टेन्शनरचा दांडा मागे सरकू नये म्हणून आत एक खाचेची पकड असते. जुन्या बनावटीच्या टेन्शनरमध्ये ही पकड निकामी होते, चेन सैल पडते आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना ड्रायव्हरच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते. पुढे ऑइलचा दाब आला की आवाज थांबतो, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. एखाद्या दिवशी चेन दात सोडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि काम चेन किटवरून हेडपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत जाते.

म्हणून ही खडखड ऐकू आली की गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, फ्लॅटबेड ट्रकवर न्यावी. मॅन्युअल गियरची असेल तर धक्का मारून चालू करू नये आणि चढ-उतारावर गियरमध्ये अडकवून उभी करू नये. इंजिन उलटे थोडे जरी फिरले तरी सैल चेन दात सोडू शकते. खालच्या टायमिंग कव्हरला एक छोटे रबरी बूच असते. ते काढून टॉर्चने पाहिले की टेन्शनर जुन्या बनावटीचा आहे की नव्या, हे इंजिन न उघडता कळते. सोबत स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर, कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) माप घेतले की चेन किती ताणली आहे तेही समजते. काम करायचे ठरले तर फक्त टेन्शनर बदलून भागवू नये. मुख्य चेन, बॅलन्स शाफ्टची (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्यांची) चेन, दोन्हीचे टेन्शनर, प्लास्टिकच्या गाइड पट्ट्या आणि क्रँक पुलीचा बोल्ट एकदमच बदलावा. तो बोल्ट एकदाच ताणून बसवायचा असतो, जुना पुन्हा वापरला तर पुली सरकते. उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये हेडची फेस कटिंग, व्हॉल्व्ह सीट ग्राइंडिंग उत्तम होते, त्यासाठी पुण्याला जाण्याची गरज नाही. चेन आणि गाइड मात्र ओरिजिनलच घ्यावेत.

दुसरे दुखणे ऑइल पिण्याचे. कंपनीच्या हिशेबात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत खप चालतो. पातळी वरच्या खुणेपर्यंत भरून बरोबर हजार किलोमीटर चालवावे आणि मोजावे. त्याहून जास्त लागत असेल तर आधी ब्रीदर व्हॉल्व्ह, म्हणजे पीसीव्ही तपासावा. इंजिन आयडलला असताना ऑइलचे झाकण जोरात आत ओढले जात असेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर त्याचा रबरी पडदा फाटलेला आहे. हा भाग काही हजारांत बदलून मिळतो. तो बदलूनही खप तसाच राहिला तर पिस्टनच्या ऑइल रिंगा काजळीने चोंदलेल्या असतात. तिथे इंजिन खाली उतरवावे लागते आणि गाडीच्या किमतीच्या मानाने तो खर्च परवडत नाही.

निर्णय खरा इथे ठरतो. फक्त चेनचे काम असेल तर गाडी दुरुस्त करावी, मग ठेवायची असो की विकायची. रिंगांचे काम असेल तर जसे आहे तसे लेखी सांगून विकावी आणि पैसे कर्जात भरावेत. गियरबॉक्सलाही हाच नियम. सात गियरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीमध्ये (फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स) मेकॅट्रॉनिकचा, म्हणजे गियर बदलणाऱ्या युनिटचा, दाब साठवणारा डबा तडकतो, पाना दाखवणारा दिवा लागतो आणि गाडी निम्मे गियर घेत नाही. तेवढा भाग दुरुस्त होतो. पण सोबत क्लच पॅकही थरथरत असेल तर दोन्ही कामे मिळून हिशेब हाताबाहेर जातो. आपल्याकडच्या पावसाचीही आठवण ठेवावी. काचेखालच्या पन्हाळीत पाने अडकून पाणी तुंबले की ते वायरिंगमध्ये आणि कंट्रोल युनिटमध्ये शिरते. जून लागण्याआधी पन्हाळीतली पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी केली तर ‘इलेक्ट्रिकल बिघाड’ म्हणून सांगितले जाणारे अर्धे त्रास होतच नाहीत.

आता कर्जाची बाजू. समजा गाडीवर ७.५ लाख कर्ज शिल्लक आहे, दर १३ टक्के, ३६ हप्ते बाकी, म्हणजे हप्ता सुमारे २५,२७०. क्रेडिट कार्डावर १.८ लाख थकलेत, महिना साडेतीन टक्क्यांनी. सौहार्द (सहकारी पतसंस्था) सोसायटीत ३ लाखांचे सोनेतारण आहे, वार्षिक १२ टक्क्यांनी. हातात ५ लाख आले आहेत. कार्डाचे व्याज महिन्याला ६,३०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ७,४३४ होते. सोन्याचे ३,००० आणि गाडीचे या महिन्याचे ८,१२५. मुद्दल एक रुपया कमी न होता साडेअठरा हजार निव्वळ व्याजात जातात.

आता शोरूममध्ये सुचवला जाणारा मार्ग बघा. खडखडणाऱ्या गाडीला ५ लाख भाव मिळतो, पण तिच्यावर कर्ज साडेसात लाखांचे. कमी पडलेले अडीच लाख नव्या कर्जात मिसळले जातात. दुसरी गाडी १६ लाखांची, हातातले ५ लाख डाउन पेमेंट, म्हणजे नवे कर्ज साडेतेरा लाख. १३ टक्क्यांनी ६० महिन्यांत हप्ता सुमारे ३०,७०० आणि एकूण व्याज ४.९ लाखांच्या पुढे. कार्ड आणि सोने जागच्या जागी. म्हणजे विकून टाकलेल्या गाडीच्या अडीच लाखांवर पाच वर्षे व्याज भरत राहायचे. हा मार्ग कुणीही धरू नये, असे आम्हाला ठामपणे वाटते.

दुसरा मार्ग असा. आधी कार्ड पूर्ण फेडावे. कार्डावर बाकी ठेवली की बिनव्याजी मुदतही जाते आणि नव्या प्रत्येक खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागते, म्हणून अर्धे फेडून उपयोग नाही. मग १.१ लाखाच्या आसपास चेनचे काम करून, बिले आणि स्कॅनचा छापील अहवाल फाइलला लावून गाडी थेट ग्राहकाला विकावी. ८ लाख आले तर त्यातून साडेसात लाखांचे कर्ज बंद होते. बहुतेक वाहनकर्जे ठरीव दराची असल्याने मुदतीआधी फेडल्याचा दंड लागतो. तो ४ टक्के धरला तर जीएसटीसह ३५,४००. तरीही १४,६०० उरतात. पाच लाखांतले शिल्लक २.१ लाख आणि हे मिळून सोन्यात भरले की सोनेतारण ७५,४०० वर येते. महिन्याचे व्याज साडेअठरा हजारांवरून साडेसातशेवर आले आणि पंचवीस हजारांचा हप्ता सुटला. पुढच्या तीन-चार महिन्यांत सोने घरी येते. नंतर वर्षभर हाच हप्ता बाजूला ठेवला तर तीन लाखांची रोख जमते आणि त्यात बिनकर्जाची, चांगल्या अवस्थेतली छोटी गाडी येते.

गाडी ठेवायचीच असेल तर तीही वाट आहे: कार्ड, मग चेन, उरलेले सोन्यात. गाडीचा हप्ता चालू राहील. एकच ठाऊक असलेला बिघाड असेल आणि उत्पन्नातून हप्ता आरामात जात असेल तरच हे करावे.

फेडण्याचा क्रम केवळ दरावर ठरतो असे म्हणतात, पण आपल्याकडे त्यात जामीनदार असतो. सोसायटीच्या कर्जाला मामा किंवा शेजारी जामीन राहिलेला असतो, आणि हप्ता थकला की वसुलीची नोटीस त्याच्याही घरी जाते. कार्डानंतर असे थकीत कर्ज पहिल्यांदा नियमित करावे, दर कमी असला तरी. खासगी सावकाराचे ‘महिना तीन टक्के’ म्हणजे वर्षाला ३६ टक्के. कर्नाटकात परवानाधारक सावकाराला तारण कर्जावर १४ आणि विनातारण कर्जावर १६ टक्क्यांच्या वर दर लावता येत नाही, आणि जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध राज्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूमही काढला. सोन्याचा भाव वाढला म्हणून त्याच दागिन्यांवर वाढीव कर्ज घेऊन गाडी दुरुस्त करण्याचा मोह आवरावा. भाव उतरला तर सोने आणि गाडी दोन्ही अडकतात.

सीमाभागात पासिंगचा प्रश्न वेगळाच. एमएच किंवा जीए पासिंगची गाडी बेळगावात विकायला काढली की घेणारा कर्नाटकचा आजीवन कर वजा करूनच भाव करतो. इथे नव्या गाडीला १० ते २० लाखांत १७ टक्के, २० लाखांच्या वर १८ टक्के आणि वर अधिभार असा कर आहे. जुन्या गाडीला वयानुसार कमी होतो, तरी रक्कम मोठी असते. म्हणून एमएच-०९ ची गाडी कोल्हापूर-सांगलीतच विकावी. जी गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे राहणार आहे तिची नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे इथे करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचे फॉर्म २८ चे ना-हरकत पत्र हवे, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर आधी बँकेची संमती. नवी नोंदणी झाल्यावर जुन्या राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा मागता येतो. हा अर्ज बरेच जण करतच नाहीत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला आणि मोठ्या गाड्यांवरचा अधिभार जाऊन ४० टक्के राहिला. त्यामुळे नव्या गाड्या स्वस्त झाल्या, म्हणून जुन्या गाडीला त्याआधीचा भाव धरून बसू नये.

कर्ज संपल्यावर कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा करावा. बँक किंवा फायनान्स कंपनीने फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात. उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. ना-हरकत पत्र मिळताच फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवावा, कारण त्या पत्राला मुदत असते. कार्डवाला ‘थोडे कमी भरा, मिटवून टाकू’ म्हणाला तर सिबिलवर ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते आणि पुढच्या कर्जाला आडवी येते. पैसे असतील तर पूर्ण भरून ‘क्लोज्ड’ करून घ्यावे.

आणि डीलरने बिघाड लपवून गाडी विकली असेल तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथेच दाद मागता येते, त्यामुळे पुण्याच्या डीलरविरुद्धही बेळगावच्या जिल्हा आयोगात जाता येते. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगाकडे येतात आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. खरेदीची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअॅपवरचे बोलणे आणि दुरुस्तीपूर्वीचा स्कॅन अहवाल जपून ठेवावा. गॅरेजवाल्याने स्कॅनरवरचे बिघाडाचे कोड पुसून टाकण्याआधी त्यांची छापील प्रत मागून घ्यावी, एकदा पुसले की तो पुरावा परत मिळत नाही.

— मोटार दुरुस्ती व सहकारी पतपुरवठा क्षेत्रात काम करणारे काही वाचक,
टिळकवाडी, बेळगाव