यलो गेटच्या आतली जमीन: बंदरमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. सर्बानंद सोनोवाल,
केंद्रीय बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्री,
नवी दिल्ली

विषय: मुंबई बंदराच्या जमिनीवर होऊ घातलेली नवी वस्ती

महोदय,
सविनय नमस्कार.

पत्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे. आपल्यासाठी त्याचे भाषांतर होईलच. पण शिवडी, रे रोड, माझगावच्या माणसांनाही ते वाचता आले पाहिजे, कारण विषय त्यांच्या दाराशी येऊन ठेपला आहे.

माझे वडील इंदिरा गोदीत टोळीत कामाला होते. बोटीच्या पोटात उतरून माल चढवायचा, उतरवायचा. आम्ही वडाळ्याला राहायचो. बसने फोर्टात जाताना पी. डिमेलो रोडच्या कडेने गोदीची दगडी भिंत लागायची, ती संपता संपायची नाही. मधूनमधून दरवाजे: ऑरेंज गेट, यलो गेट, रेड गेट, ग्रीन गेट. रंगांची इंग्रजी नावे मी शाळेत जाण्याआधी त्या गेटांवरून शिकलो. भिंतीपलीकडून भोंगा ऐकू यायचा, क्रेनची मान दिसायची, खारा वारा यायचा. पाणी मात्र दिसायचे नाही.

एकदाच दिसले. दसऱ्याला वडिलांनी पास काढून आम्हाला आत नेले होते. क्रेनला झेंडूचे हार घातलेले, धक्क्याला एक परदेशी बोट लागलेली. तिच्या जाड दोरखंडांवर पत्र्याच्या गोल तबकड्या बसवलेल्या होत्या. मी विचारले, हे काय? वडील म्हणाले, ‘उंदीर दोरावरून बोटीत चढू नयेत म्हणून.’ पाण्यावर तेलाचा तवंग होता, त्यात रंग चमकत होते. माझी आई चाळीस वर्षे समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहिली आणि या बाजूचे पाणी तिने एवढे एकदाच जवळून पाहिले.

तेव्हा भिंतीला कारण होते. आत माल होता, जकात होती, चोरीची भीती होती. आज ते कारण बरेचसे उरलेले नाही. 26 मे 1989 ला न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरचा धंदा खाडीपलीकडे गेला. 1880 ची प्रिन्सेस गोदी आणि 1888 ची व्हिक्टोरिया गोदी बुजवून झाल्या. 1915 साली सुरू झालेल्या बंदर रेल्वेचे रूळ गवतात गेले. या जमिनीचे काय करायचे हे सुचवायला 2014 मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, 2018 मध्ये 966 हेक्टर क्षेत्रासाठी बंदरालाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात आराखड्याचा मसुदा बाहेर आला. तेव्हापासून पूर्व किनाऱ्यावरची घरे, बागा, मरिना, कार्यालये यांची चित्रे आम्ही बघतो आहोत.

घरांना माझा विरोध नाही. गोदामे कुलूपबंद ठेवण्यापेक्षा तिथे माणसे राहावीत, मुले खेळावीत, हे कोणालाही आवडेल. मला भीती आहे ती एकाच गोष्टीची. गोदीची भिंत पडेल आणि तिच्या जागी सोसायट्यांची भिंत येईल. गेटचा रंग बदलेल, वॉचमनचा गणवेश बदलेल, आणि वडाळ्याच्या चाळीतल्या बाईला पाणी पुन्हा दिसणार नाही.

म्हणून मागणे असे आहे: काठ विकू नका. भरतीच्या रेषेपासून आत ठरावीक अंतरापर्यंतची सलग पट्टी, बॅलार्ड पिअरपासून शिवडीच्या किल्ल्यापर्यंत, जिथे नौदल, माझगाव डॉक आणि चालू गोदी यांची खरीखुरी गरज आहे तेवढी वगळून, कायमची सार्वजनिक असावी. ‘लोकांसाठी खुली राहील’ असे बिल्डरने द्यायचे आश्वासन नको. पट्टी बिल्डरच्या प्लॉटमध्ये धरायचीच नाही. प्लॉट तिच्या अलीकडे संपला पाहिजे.

बंदराला हे जमते, याचा पुरावा बंदराच्याच दारात आहे. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खणताना निघालेल्या भरावावर बंदराने बॅलार्ड इस्टेट वसवली. वास्तुविशारद जॉर्ज विटेटने तिची रचना केली. शंभर वर्षे झाली, त्या वस्तीला फाटक नाही. कोणीही येतो, झाडाखाली उभा राहून चहा पितो, फूटपाथवरून चालत जातो. इमारती भाडेकरूंच्या, रस्ते सगळ्यांचे. पोर्ट ट्रस्टने पारतंत्र्यात जे केले ते स्वतंत्र देशाच्या खात्याला जमू नये, असे मला वाटत नाही.

आता गिरण्यांच्या जमिनीविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आम्हा मुंबईकरांची भीती तिथून आली आहे. 1991 च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि हे वाटप गिरणीच्या आवारात आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरते उरले. आवार बांधकामांनी भरलेले, रिकामी जमीन जेमतेम. शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला त्या जेमतेममधले दोन हिस्से आले. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. 1982 चा संप ज्यांच्या घरात घडला, त्यांची नातवंडे आजही म्हाडाच्या सोडतीची वाट बघत आहेत. एक वाक्य बदलले आणि एवढे झाले. बंदराच्या जमिनीचे वाक्य असे लिहा की पुढच्या कोणाला ते एका अधिसूचनेने बदलता येणार नाही. संसदेच्या कायद्यात लिहा. 2021 चा प्रमुख बंदर प्राधिकरण कायदा आपल्याच खात्याचा आहे, त्यात दुरुस्ती करता येते.

गिरण्या निदान बऱ्याचशा खासगी मालकांच्या होत्या. बंदराची जमीन मुळात देशाची. समुद्र बुजवून, पाटीपाटीने भराव टाकून ती तयार झाली आहे. ती सर्वात मोठी बोली लावणाऱ्याला देऊन बंदराची तूट आणि पेन्शनचा बोजा भागवायचा मोह होणे मी समजू शकतो. माझ्या आईची फॅमिली पेन्शन त्याच तिजोरीतून येत होती. तरीही सांगतो, ही जमीन बोलीवर देऊ नका. हॅम्बुर्गने एल्ब नदीवरचे जुने बंदर वसवताना, त्याला ते हाफेनसिटी म्हणतात, 157 हेक्टरवर प्लॉट देण्याची वेगळी रीत बसवली. किंमत फक्त 30 टक्के मोजायची, आणि तुम्ही तिथे काय बांधणार, कोणासाठी बांधणार, याला 70 टक्के. सुरुवातीची घरे तिथेही श्रीमंतांचीच झाली. मग शहराने नियम बदलला आणि नव्या घरांतली एक तृतीयांश अनुदानित केली. लंडनमध्ये 1981 ला गोद्यांसाठी महामंडळ नेमले, त्याने 1998 पर्यंत काम केले, टोलेजंग कार्यालये उभी राहिली आणि गोदी कामगारांची जुनी कुटुंबे आम्हाला यातले काय मिळाले असे विचारत राहिली. आपण यातले कोणते उदाहरण घ्यायचे ते आधी ठरवून जाहीर केले पाहिजे.

घरांचा प्रश्न मुंबईत अधिक अवघड आहे, कारण जमीन रिकामी नाही. कौला बंदर, दारूखाना, हाजी बंदर या भागांत हजारो कुटुंबे राहतात. जमीन केंद्राची, त्यामुळे राज्याची झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना तिथे आपोआप लागू होत नाही. वर्षानुवर्षे त्यांना नळाचे पाणी नाही, ड्रमने विकत घ्यावे लागते. आणि ही माणसे तिथे उगाच नाहीत. दारूखान्यात एका गाळ्यासमोर मी परवा थांबलो होतो. साठीचा एक माणूस फळीवर बसून तोडलेल्या बोटीची साखळी कडी-कडी तपासत होता. हातोडीने ठोकायचा, कान लावायचा. आवाज बद्द आला की कडी बाजूला. खणखणीत आला की ठेवायची. मच्छीमार ही साखळी नांगराला नेतात, त्यामुळे चूक चालत नाही, म्हणाला. आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत तोडली गेली ती याच दारूखान्यात. हे कसब असलेल्या माणसाला मानखुर्द-माहूलच्या एखाद्या सातव्या मजल्यावर नेऊन टाकले तर त्याचे घर होईल, पोट भरणार नाही. पुनर्वसन तिथल्या तिथे आणि घरासोबत गाळा, असे झाले पाहिजे. शिवाय नव्या घरांतला ठरावीक हिस्सा भाड्याचा असावा, मालकी बंदराकडेच राहावी. नर्स, बेस्टचा कंडक्टर, गोदीतला क्रेनवाला यांना फोर्टाजवळ राहता येईल तो याच मार्गाने.

कोळ्यांचे एक सांगतो. भाऊच्या धक्क्यावर पहाटे लिलाव सुरू होतो, बर्फ फोडला जातो, बोंबलाच्या आणि कोळंबीच्या टोपल्या डोक्यावरून निघतात. ससून डॉक 1875 पासून चालू आहे. शेजारी टॉवर उभा राहिला की पहिली तक्रार वासाची येणार आणि दुसरी पहाटेच्या आवाजाची. मग ‘धक्का हलवा’ अशी मागणी होणार. तेव्हा घर घेणाऱ्याच्या करारातच लिहा, की शेजारी मासळी बंदर आहे, ते राहणार आहे, आणि त्याविरुद्ध तक्रारीचा हक्क या घराला नाही. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी येतात, कोळ्यांच्या बायका निवट्या पकडतात. त्या खाजणाला, तिवरांना हात लागू नये. अटल सेतूच्या खांबांनी त्या चिखलावर पाय रोवलेच आहेत.

मातीची गोष्ट कोणी बोलत नाही. इथे कोळसा उतरला, तेलाच्या टाक्या उभ्या राहिल्या, बोटी तोडल्या गेल्या. त्या जमिनीत काय मुरले आहे याची प्लॉटवार तपासणी आणि सफाई झाल्याशिवाय तिथे मुलांचे खेळायचे मैदान करू नये. आणि पाणी. आपण दिब्रुगडचे आहात. 1950 च्या भूकंपानंतर ब्रह्मपुत्रेने जुन्या दिब्रुगडचा केवढा भाग पोटात घेतला, हे आपल्याकडे घराघरात माहीत असणार. हा आमचा किनाराही भरावाचा, सखल. पावसाचा जोर आणि उधाणाची भरती एका वेळी आली की रे रोडच्या पंपांची कसोटी लागते. इथल्या घरांचा तळमजला किती उंचीवर असावा हे आजच्या भरतीवरून ठरवू नका, साठ-सत्तर वर्षांनंतरच्या भरतीवरून ठरवा.

आणखी एक विनंती, पैशांची नाही. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला. शेकडो माणसे गेली. त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे 66 जण होते. ती गोदी आता बुजली आहे, तिच्यावर पुढे काही ना काही उभे राहील. तिथे एक चौक सोडा आणि 66 नावे दगडात कोरा. गोदी कामगारांची नावे मिळतील तेवढी त्याखाली.

आराखडा पुढे नेण्याआधी त्याची संपूर्ण मराठी प्रत, नकाशे आणि सर्व्हे नंबरांसकट, प्रसिद्ध करावी. वडाळ्याच्या पोर्ट कॉलनीत, दारूखान्यात, भाऊच्या धक्क्यावर आणि यलो गेटच्या बाहेरच्या भिंतीवर ती लावावी, आणि हरकतींसाठी निदान तीन महिने द्यावेत. या पत्राचे उत्तरही आपण जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपला,
गोदी कामगाराचा मुलगा
वडाळा, मुंबई