हॅरोच्या फ्लॅटविषयी

हॅम, रविवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू फोनवर हॅमचे हे घर विकून तुझ्याजवळ हॅरोच्या फ्लॅटमध्ये राहायला येण्याचा विषय काढलास, तेव्हा मी गप्प बसलो आणि माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तू आणि तुझ्या आईने होकार असा घेतला. तो होकार नव्हता. फोनवर तू वकिलासारखा मुद्दे मांडतोस आणि मला उत्तर सुचते ते फोन ठेवल्यावर, म्हणून हे पत्र लिहायला घेतले आहे.

तुझे मुद्दे खरे आहेत, हे आधीच कबूल करतो. लंडनच्या नैऋत्य टोकाच्या या हॅमला रेल्वे स्टेशन नाही. रिचमंडला जा नाहीतर किंग्स्टनला, बसशिवाय गत्यंतर नाही, आणि ती पासष्ट नंबरची बस पीटरशमच्या अरुंद वळणावर समोरून दुसरी बस आली की कशी अडून बसते ते तू शाळेच्या दिवसांत पुष्कळ भोगले आहेस. कढीपत्ता आणि ताजी मेथी हवी असेल तर हाउन्स्लो किंवा टूटिंग गाठावे लागते. संध्याकाळी सातनंतर आपल्या रस्त्यावर चिटपाखरू नसते. तुझ्या भागात मात्र जिना उतरले की दुकान, दुकानात गुजराती नाहीतर मराठी बोलणारे कोणीतरी, आणि डॉलिस हिलचे महाराष्ट्र मंडळही इथल्यापेक्षा कितीतरी जवळ. यंदा गणपतीला मंडळात जाऊन परत यायला आमचा सबंध दिवस गेला, हेही तू ऐकवलेसच.

पण बाळा, या प्रस्तावामागचे खरे कारण यांपैकी एकही नाही. फेब्रुवारीत मी रिचमंड पार्कात, हॅम गेटजवळच्या चढावर ओल्या पाल्यावरून घसरलो आणि मनगट मोडून घेतले, तेव्हापासून तुझ्या मनात हे घोळत आहे. त्या प्रसंगाची माझी बाजू तू नीट ऐकून घेतलेली नाहीस. मी पडल्यावर दोन मिनिटांच्या आत कुत्रे फिरवायला आलेल्या एक बाई धावत आल्या, कुत्र्याचे अंग पुसायचा टॉवेल त्यांनी घडी करून माझ्या मनगटाखाली घातला, स्वतःच्या मफलरने हात गळ्यात बांधून दिला आणि तुझी आई येईपर्यंत त्या माझ्याबरोबर त्या गारठ्यात बाकावर बसून राहिल्या. टॉवेलला ओल्या कुत्र्याचा असा काही वास येत होता की दुखण्याचे भान निम्मे त्यातच हरपले. पुढे इस्पितळात सात तास ताटकळत बसावे लागले, त्याचा दोष मात्र हॅमच्या माथी मारू नकोस.

आपण २००३ साली पुण्याहून आलो तेव्हा या शांततेचा सगळ्यांत जास्त धसका तुझ्या आईने घेतला होता. भाजीवाल्याची हाक नाही, रिक्षा नाही, शेजारच्या कुकरची शिट्टी नाही. पहिल्याच जानेवारीत रात्री दोनच्या सुमारास मागच्या अंगणातून किंचाळी ऐकू आली आणि कोणीतरी लहान मुलाला मारत आहे असे समजून ती मला पोलिसांना फोन करायला सांगू लागली. मी रिसीव्हर उचललाही होता. सकाळी शेजारच्या आजी हसून म्हणाल्या की हा कोल्ह्यांचा विणीचा हंगाम आहे, मादी अशीच ओरडते. आज तीच तुझी आई कोल्हे ओरडले की कूस बदलते आणि झोपते. तिला इथे एकटे वाटत असेल असे तू म्हणतोस. ते तिलाच विचार, पण सकाळी नऊच्या आत विचारू नकोस, कारण त्या वेळी ती पोपटांशी भांडत असते. आपल्याकडच्याच जातीचे, गळ्याला कंठ असलेले हे हिरवे पोपट पिंजऱ्यांतून सुटून १९७०च्या सुमारास इंग्लंडच्या या कोपऱ्यात रुजले आणि आता शेजारच्या सफरचंदांपासून पार्कातल्या ओकच्या ढोल्यांपर्यंत सर्वत्र त्यांचेच राज्य आहे. इथल्या पक्षिप्रेमींना त्यांचा कर्कशपणा खुपतो. तुझ्या आईला त्यांची भाषा कळते, एवढाच काय तो फरक.

इथे काही नवीन होतच नाही, असे तू वैतागून म्हणालास. ते आपोआप घडलेले नाही. रिचमंड हिलवरून दिसणारा नदीचा आणि कुरणांचा देखावा बांधकामांत बुडू नये म्हणून १९०२ साली पार्लमेंटने कायदा केला, आणि म्हणूनच लंडनच्या हद्दीत असूनही पीटरशमच्या कुरणात आजही उन्हाळ्यात गाई चरतात आणि हॅम कॉमनवर, म्हणजे गावच्या सामायिक मैदानावर, शनिवारी क्रिकेट चालते. तू तळ्यात गेलेले चेंडू काढायला बूट न काढता उतरायचास आणि मग घरी आल्यावर बूट कोणाचे भिजले यावर वाद घालायचास.

पार्काची गोष्ट तुला शाळेत सांगितली असेल, पण ती अर्धीच सांगतात. पहिल्या चार्ल्स राजाने शिकारीसाठी १६३७ साली सुमारे अडीच हजार एकरांभोवती आठ मैलांची भिंत घातली, त्यात लोकांची शेते गेली आणि सामायिक गायराने गेली. लोकांचा रोष कमी व्हावा म्हणून पायवाटा तेवढ्या खुल्या ठेवल्या. पुढच्या शतकात राजकन्या अमेलिया पार्काची रेंजर, म्हणजे देखरेख करणारी अधिकारी, झाली आणि तिने त्याही बंद करायला घेतल्या. तेव्हा रिचमंडचा जॉन लुईस नावाचा एक बिअर गाळणारा कोर्टात गेला आणि १७५८ साली किंग्स्टनला खटला जिंकला. भिंतीत दार हवे की भिंतीवरून जायला शिडी हवी, असे विचारल्यावर त्याने शिडी मागितली, कारण दार असले की त्याला कडी लावता येते. शिड्या बसल्या, पण पायऱ्यांमध्ये मुद्दाम इतके अंतर ठेवलेले की पोरे आणि म्हातारे चढूच शकेनात. लुईस पुन्हा न्यायाधीशांपुढे गेला. न्यायाधीशांनी सांगितले की पायऱ्या अशा बसवून घ्या की मुले आणि म्हातारे पुरुषच काय, म्हाताऱ्या बायकाही चढल्या पाहिजेत. शिडीच्या अशा एका जागेला अजून लॅडरस्टाइल गेट म्हणतात. आमच्या वयाचा इतका विचार करून केलेली सोय सोडून लिफ्टवाल्या इमारतीत जायचे, हे मला जरा अवघडच वाटते.

माझा रोजचा रस्ता तुला ठाऊक आहे: कॉमन ओलांडून हॅम गेट, मग चढ चढून पेम्ब्रोक लॉज आणि तिथून किंग हेन्रीच्या टेकाडावर. झाडीत राखलेल्या फटीतून दहा मैलांवरच्या सेंट पॉल्स चर्चचा घुमट दिसतो. त्या दृश्याच्या आड काही बांधायचे नाही असा नियम आहे, पण मागे काही बांधायचे नाही असे बहुधा कोणाला सुचले नाही, म्हणून २०१६ साली घुमटाच्या पाठीमागे पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डचा एक मनोरा उगवला. मी त्याच्याकडे पाहायचे नाही असे ठरवले आहे, आणि रोज पाहतो.

आता हरणांचा माजाचा काळ सुरू होत आहे. पार्कात सुमारे सव्वासहाशे हरणे आहेत, सांबरासारखी थोराड लाल हरणे आणि चितळासारखी ठिपक्यांची फॅलो. परवा सकाळी धुक्यात एक नर भिजलेले नेचे शिंगांवर पेंढीसारखे घेऊन उभा होता. त्याने मान वर करून हंबरडा फोडला तेव्हा तोंडातून वाफ निघाली आणि बराच वेळ तिथेच तरंगत राहिली. मी अर्थात पन्नास मीटर दूर होतो. नियम आहे, आणि मनगट एकदा मोडून झाले आहे. हिवाळ्यात काही आठवडे रात्रीचे पार्क बंद ठेवून कळप मर्यादेत राखण्यासाठी यांतली काही मारतात. हे पहिल्यांदा कळले तेव्हा तुझी आई आठवडाभर पार्कात आली नव्हती. आता तीच पाहुण्यांना समजावते की इथे वाघ नाही, लांडगा नाही, मग कळप वाढून गवत संपले तर सगळ्यांचेच हाल.

तेव्हा निर्णय असा की घर तूर्त विकायचे नाही. तुझी काळजी मी झटकून टाकत नाही. खालच्या मजल्यावर न्हाणीघर करून घेण्यासाठी कारागिराला बोलावले आहे, फोन खिशात ठेवूनच फिरायला जातो, आणि पाला ओला असला की चढाचा रस्ता सोडून तळ्याकडच्या सपाटीने जातो. पेम्ब्रोक लॉजचा चढ न थांबता चढणे मला गेल्या वर्षापासून जमत नाही. मध्ये एकदा बसतो. तीनदा बसावे लागले तर मी स्वतः तुला फोन करीन आणि हॅरोचा विषय काढीन, आणि त्या वेळी तू मला गेल्या रविवारसारखे घाईने बोलायचे नाहीस.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघेही या. शनिवारी रात्रीच या, म्हणजे पहाटे सहाला निघता येईल. उजाडताना हरणांचा आवाज घराच्या मागच्या दारापर्यंत येतो. सौ. सूनबाईंना गेल्या खेपेसारखे शहरी बूट आणू देऊ नकोस.

तुझे,
बाबा

ता.क. येताना तुझ्या खालच्या दुकानातून मेथीच्या चार जुड्या आणि कढीपत्ता आण. आई म्हणते सहा आण.