क्लिकचा भाव आधी वहीत

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

आपल्या हापूसच्या पेट्यांसाठी गूगलवर पैसे देऊन जाहिरात करावी का, असं तू विचारलंस. तिथे कुणी जाहिरातीवर क्लिक केलं की प्रत्येक क्लिकचे पैसे पडतात. खातं उघडण्याआधी वही उघड. दोन डझनांच्या पेटीमागे फळ, खोकं, पेंढा, गाडीभाडं आणि साका (आतून खराब झालेला गर) निघाला तर बदलून द्यायचं फळ, एवढं वजा करून हातात काय उरतं ते लिही. समजा ३०० रुपये उरले आणि तुझ्या पानावर आलेल्या १०० जणांपैकी २ जणांनी पेटी मागवली, तर १०० क्लिकमागे ६०० रुपये सुटले. म्हणजे एका क्लिकला ६ रुपये मोजलेस तर हाती शून्य. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, त्यामुळे तो भरलेला कर तुला वळता करून घेता येत नाही. तेव्हा बोली, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त किती देणार तो आकडा, ५ रुपयांच्या आतच हवी, आणि नफा हवा असेल तर ३ च्या आसपास.

मग कीवर्ड प्लॅनर उघड, म्हणजे शोधशब्दांच्या बोलीचा अंदाज देणारं गूगलचं साधन. त्याला पैसे पडत नाहीत. ठिकाण फक्त पुणे निवड आणि ‘देवगड हापूस पुणे’, ‘हापूस आंबा घरपोच’ असे शब्द घालून बघ, रोमन लिपीतही घाल, कारण बरेच लोक तसंच टाइप करतात. पानाच्या वरच्या जागेसाठीच्या बोलीचे कमाल आणि किमान असे दोन आकडे दिसतील. किमानच १२ रुपये असेल तर दोन डझनांच्या पेटीला ही जाहिरात झेपणार नाही. सोसायटीची दहा पेट्यांची एकत्र मागणी मिळवणारं पान केलंस, तरच हिशेब पुन्हा मांड.

जमत असेल तर मांडणी मात्र डोळ्यांत तेल घालून कर. पैसा बहुतेकदा इथेच गळतो. ठिकाणाच्या पर्यायात ‘तिथे असलेले’ निवड. आपोआप निवडलेल्या पर्यायात पुण्यात ‘रस असलेले’ लोकही येतात, आणि दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या क्लिकचे पैसे तू भरतेस. डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतर साइटांवर जाहिरात दाखवण्याची, खूण काढ. ब्रॉड मॅच (जवळपासच्या कुठल्याही शोधावर जाहिरात) नको, एक्झॅक्ट (तोच शोध) आणि फ्रेज (तो अर्थ असलेला शोध) एवढंच ठेव. ज्या शोधांवर जाहिरात दिसू नये अशा, नको असलेल्या शब्दांत कलम, रोप, रेसिपी, पल्प, आजचा भाव हे घाल. ‘रोप’ घातलं म्हणून ‘रोपं’ अडत नाही, एकवचन-अनेकवचन दोन्ही लिहावं लागतं, दोन्ही लिप्यांत. आणि गूगलच्या शिफारशी आपोआप लागू होण्याची सोय बंद कर, नाहीतर तू काढलेली खूण परत लागलेली दिसेल.

रोजचं बजेट २०० ठेवलंस तरी एखाद्या दिवशी ४०० पर्यंत जाऊ शकतात. महिन्याची मर्यादा रोजच्या बजेटच्या ३०.४ पट, म्हणजे ६,०८० रुपये. अक्षय्य तृतीयेच्या आधीचे दिवस सोडून दे. तेव्हा सगळेच बोली लावतात आणि तुझ्याकडच्या पेट्या तशाही उठतात. आढीत माल नसेल त्या दिवशी जाहिरात थांबव.

सर्वांत महत्त्वाचं, ऑर्डर कुठून आली हे कळलं पाहिजे. आपल्याकडे मागणी व्हॉट्सॲपवर येते आणि ते गूगलला दिसत नाही. जाहिरातीचं पान वेगळं कर आणि तिथल्या व्हॉट्सॲप लिंकमध्ये संदेश आधीच भरून ठेव, ‘पेटी हवी, पान २’ असा. त्या ओळीवरून तू रोज मोजू शकशील. तुझ्याच दुकानाच्या नावावर बोली लावू नकोस. नाव शोधणारा तसाही येणारच होता, आणि त्याच्या ऑर्डरी मोजल्या की तोट्यातली जाहिरातही फायद्याची दिसते.

५० क्लिकमध्ये एकही ऑर्डर नाही म्हणून घाबरू नकोस. शंभरात दोनाचं प्रमाण खरं असलं तरी तीनात एकदा असं होतंच. २०० क्लिकनंतरही शून्य असेल तर बंद कर. ५ रुपयांच्या बोलीने यात फार तर १,१८० रुपये जातात, कर धरून.

आणि बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची माहिती, आजच पूर्ण कर, ते फुकट आहे. त्यावर फळाचं वजन ग्रॅममध्ये, पेटीचा दर आणि पोचवायचे वार लिही. गेल्या हंगामाच्या खर्चाची पानं सोबत पाठवते आहे. साक्यामुळे बदललेल्या फळांचा आकडा शेवटच्या पानावर आहे, तो वजा करायला विसरू नकोस.

तुझी,
आई